मुखवटा घातला की माणूस दिसतो

गेल्या हिवाळ्यात तळ्याजवळच्या एका कातकरी वाडीत ब्लँकेटवाटप होतं. मित्रांबरोबर मीही गेलो. ब्लँकेटं पंचवीस-तीस आणि फोटो काढणारे फोन जवळपास तेवढेच. एका झोपडीच्या दारात दहा-अकरा वर्षांचा मुलगा उभा होता. कुडाच्या फटींतून त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. मी फोटो काढला, ब्लॅक अँड व्हाइट केला, खाली लिहिलं 'हरवलेलं बालपण' आणि इन्स्टाग्रामवर टाकला. माझ्या कुठल्याच फोटोला तोवर एवढे लाइक्स आले नव्हते.

महिनाभराने तो मुलगा एसटी स्टँडवर भेटला. मी कौतुकाने त्याला फोटो दाखवला. त्याने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "माझं नाव कुठाय?"

मला त्याचं नावच माहीत नव्हतं. बालपण वगैरे काही हरवलेलं नव्हतं. ते माझ्यासमोर वडापाव खात उभं होतं.

त्या प्रश्नाने डोक्यात घर केलं. त्याच सुमारास फोनवर जगभरच्या फोटोग्राफर्सची कामं बघताना गौरी गिल यांची 'अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स' ही मालिका सापडली. त्या दिल्लीत राहतात. ही मालिका त्यांनी २०१५पासून आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार भागात केली. २०१७ साली ती जर्मनीच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात गेली, २०१८ साली न्यूयॉर्कच्या मोमा पीएस-वन या संग्रहालयात. मी मात्र ती पाच इंची स्क्रीनवर, इंदापूर फाट्यावर गाडीची वाट बघत पाहिली.

जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. रात्रभर देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे नाचवत सोंगं निघतात. कागदाच्या लगद्याचे हे मुखवटे करणारी घराणी तिथे आहेत. त्यांतले सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे भाऊ आणि त्यांच्यासोबतचे कोकणा-वारली कलाकार यांना गिल यांनी एक वेगळीच गोष्ट सुचवली. मुखवटे देवांचे नकोत, आपल्या रोजच्या जगण्यातले करा. मग माणसांचे वेगवेगळे भाव आले, प्राणी-पक्षी आले, घरातल्या नेहमीच्या वस्तूही आल्या. गावातल्याच लोकांनी ते डोक्यावर चढवले आणि आपलेच प्रसंग आपल्याच गावात उभे केले.

हे फोटो रंगीत आहेत. शरीर, साडी, शर्ट, चपला, भिंतीचा रंग, सगळं खरं, आणि खांद्यांवर भलंमोठं कागदी डोकं. पहिल्यांदा हसू येतं. मग डोळा खाली सरकतो. हात कसे ठेवलेत, पाय कसे दुमडलेत, शेजारच्या माणसापासून कोण किती अंतरावर बसलंय, हे दिसायला लागतं. एरवी आपण चेहरा बघतो, दोन सेकंदांत 'बिचारा' किंवा 'वा, काय डोळे' असा शेरा मारतो आणि स्क्रोल करतो. इथे चेहराच झाकलेला असल्यामुळे तो शेरा मारता येत नाही. थांबावं लागतं.

याचं महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागतं. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्यांत इथल्या जातीजमातींचे फोटो आणि खाली त्यांच्या स्वभावाची वर्णनं. चेहरा स्पष्ट, माणूस गायब. माणूस म्हणजे जमातीचा नमुना. पुढे जव्हारच्या वाट्याला दुसरा फोटो आला. १९९२मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि तेव्हापासून वर्तमानपत्रात जव्हार म्हणजे बरगड्या दिसणारं मूल. ती बातमी खरी होती, छापणं गरजेचंही होतं. पण एका तालुक्याचा एकच फोटो किती वर्षं चालवायचा?

गिल यांच्या फोटोंत जव्हारचे लोक दया मागत नाहीत. ते सोंग घेतायत, आणि आपण सोंग घेतोय हे त्यांना माहीत आहे. कसं दिसायचं हे त्यांनी ठरवलंय. आपणही फोनवर कुत्र्याच्या कानांचा फिल्टर लावतो, पण तो कुठल्यातरी कंपनीने बनवलेला असतो. इथे मुखवटा करणारे हातही त्याच गावातले आहेत.

तरी माझी एक तक्रार आहे. या मालिकेतल्या फोटोंना नावं नाहीत. 'अनटायटल्ड' आणि पुढे आकडा. कलाकारांना सहकारी मानलेलं आहे, त्यांचा उल्लेखही होतो. पण एखादा फोटो एकटाच फिरत आपल्या फोनवर येतो तेव्हा सोबत बहुतेक वेळा एकच नाव येतं, फोटोग्राफरचं. मुखवटा कुणी केला, तो घालून कोण बसलंय, हे सुटून जातं. माझ्या वाडीतल्या मुलाचा प्रश्न इथेही लागू होतो.

विशेष म्हणजे याचं उत्तर गिल यांच्याच दुसऱ्या कामात आहे. डहाणूजवळच्या गंजाड गावचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासोबत त्यांनी २०१३पासून 'फील्ड्स ऑफ साइट' ही मालिका केली. गिल वांगडांच्या परिसराचे फोटो काढतात आणि त्या फोटोंवर वांगड रेघारेघांनी वारली चित्र काढतात. कॅमेऱ्याला फक्त डोंगर आणि रान दिसतं. तिथे काय घडलं, काय गेलं, कोण राहत होतं, हे वांगडांना ठाऊक आहे. ते वरून उतरतं. त्या कामाखाली दोन नावं असतात, आणि ती दोन असल्यामुळे आपण ते वेगळ्या तऱ्हेने वाचतो. एकाचं पाहणं आणि दुसऱ्याचं राहणं, दोन्ही शोधतो. मुखवट्यांची मालिका मला जास्त आवडते, पण न्याय या कामात जास्त आहे.

२०२३ साली गिल यांना राजस्थानातल्या कामासाठी प्रिक्स पिक्टे हा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा त्यांचं नाव शोधा, फोटो बघा, मोठे करून बघा. हात बघा, पाय बघा. आणि मग आपल्या गॅलरीत जाऊन आपण काढलेली अनोळखी माणसं बघा. किती जणांची नावं सांगता येतात?

मी तो फोटो काढून टाकला. परवा वाडीवर गेलो तेव्हा मुलाला विचारलं, तुझा फोटो कसा काढू? त्याने जरासा विचार केला आणि म्हणाला, "झाडावर चढतो, मग काढ." आंब्यावर तो एवढा उंच गेला की माझ्या फोनमध्ये तो पानांतला एक ठिपका आला आहे. चेहरा अजिबात दिसत नाही. त्याला मात्र फोटो पसंत आहे. खाली काय लिहायचं, तेही त्यानेच सांगितलं. स्वतःचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.