एका तासाचे गृहीतक

डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कली विद्यापीठातील तिघांनी 1988 साली 'रेड' या रचनेवर लिहिलेला शोधनिबंध संगणकशास्त्रात अभिजात मानला जातो, आणि तो मान रास्तच आहे. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, असे त्यांचे म्हणणे. पण सरासरी 30,000 तास टिकणाऱ्या 100 डिस्क घेतल्या, तर दर 300 तासांनी एखादी बिघडणार. त्यावर उपाय म्हणजे जादा डिस्क. फळ्यावर चार संख्या व त्यांची बेरीज लिहा आणि एक संख्या पुसा. मुले ती उरलेल्यांवरून शोधून काढतील. दोन पुसल्या, तर मात्र हात टेकावे लागतील. यंत्रात बेरजेऐवजी 0 आणि 1 यांची सम-विषमता वापरतात, एवढाच फरक.

दर 10 डिस्कमागे एक जादा, अशा एकूण 110 डिस्कच्या संचात माहिती गमावण्यापूर्वीचा सरासरी काळ निबंधात सुमारे 8,20,000 तास दिला आहे. म्हणजे 90 वर्षांहून अधिक! आक्षेप आहे तो इथे. हे उत्तर 30,000 च्या वर्गाला 110 ने, 10 ने आणि दुरुस्तीच्या तासांनी भागून येते. आणि दुरुस्तीला धरला आहे अवघा एक तास. पारनेरच्या एखाद्या महाविद्यालयात असा संच असेल आणि नवी डिस्क पुण्याहून मागवून बसवण्यात दोन दिवस गेले, तर तोच काळ सुमारे 17,000 तासांवर येतो. दोन वर्षेसुद्धा नाहीत. डिस्क हाताशी असली, तरी 4 टेराबाइटची डिस्क सेकंदाला 150 मेगाबाइट या वेगाने भरायला सात तासांहून अधिक लागतात.

पारनेरच्या पश्चिमेला, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे एक अँटेना बंद पडली, तर अँटेनांच्या जोड्या 435 वरून 406 होतात. चित्र थोडे फिके पडेल, पण निरीक्षण चालू राहते. डिस्कच्या संचाचे तसे नाही. एक डिस्क गेल्यावर काम वरकरणी पूर्वीसारखेच चालते, म्हणून दुरुस्ती लांबते, आणि त्याच गटातील दुसरी गेली की त्या गटाची माहिती हातची जाते. घाईत बिघडलेलीऐवजी शेजारची चांगली डिस्क उपसली, तरी संच तिथेच कोलमडतो.

दुसरे गृहीतक असे, की प्रत्येक डिस्कचा बिघाड स्वतंत्र असतो. लेखकांनी ते उघड मांडले होते. विसर पडला तो पुढे आकडा उद्धृत करणाऱ्यांना. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच पेटीत तापणाऱ्या, विजेचे तेच झटके सोसणाऱ्या डिस्क म्हणजे काही वेगवेगळे टाकलेले फासे नव्हेत. 'रेड'मधला 'आय' मुळात 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, यासाठी होता. उद्योगाने पुढे त्याचा 'इंडिपेंडंट' केला. ज्या गोष्टीविषयी शंका घ्यायची, तीच नावात जाऊन बसली!

गिब्सन यांचे कौतुक हे, की बियान्का श्रोडर यांच्यासह 2007 साली त्यांनीच प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या आकड्यांनुसार वर्षाला फार तर 0.88 टक्के डिस्क बिघडायला हव्या होत्या. बदलाव्या लागल्या बहुधा 2 ते 4 टक्के, काही ठिकाणी 13 टक्क्यांपर्यंत. त्याआधी, 1992 साली, मार्क हॉलंड आणि गिब्सन यांनी एकेका डिस्कची भरपाई मोठ्या समूहातील अनेक डिस्कवर विखुरण्याची रीत मांडली होती. तीत पुनर्भरणाचा भार सर्वांवर वाटला जातो आणि तास कमी होतात. पारनेरच्या त्या महाविद्यालयाला इतका मोठा समूह परवडणार नाही. त्याने एक नवी डिस्क आधीच आणून कपाटात ठेवावी.