शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल आणि शाळेची गुणवत्ता : एक चिकित्सा

प्रस्तावना

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की गुणवत्ता यादीत आलेल्या विद्यार्थ्यांचे फलक कोल्हापूर जिल्ह्यातील शाळांच्या दारात लागतात आणि त्यावरून पालक शाळेची प्रत ठरवतात. १९५४-५५ पासून चालत आलेली ही परीक्षा ऐच्छिक असून ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. प्रत्येकी १५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांत किमान ४० टक्के गुण मिळविणारा विद्यार्थी पात्र ठरतो. शिष्यवृत्ती मात्र गुणानुक्रमे ठरावीक संख्येनेच दिली जाते. या निकालावरून शाळेच्या गुणवत्तेविषयी नेमके काय कळते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

न सांगितलेला छेद

समजा, दोन शाळांच्या वर्गांत प्रत्येकी ४० मुले आहेत. पहिल्या शाळेने निवडक १० मुले परीक्षेस बसविली व ९ पात्र ठरली. निकाल ९० टक्के. दुसरीने ३६ बसविली व १८ पात्र ठरली. निकाल ५० टक्के. फलकावर पहिली शाळा श्रेष्ठ दिसते. परंतु संपूर्ण वर्गाचा विचार केल्यास पहिलीचे प्रमाण २२.५ टक्के, तर दुसरीचे ४५ टक्के भरते. ज्या मुलांना परीक्षेस बसविलेच नाही, त्यांच्याविषयी निकाल मौन पाळतो. शाळेची खरी कसोटी मात्र तीच मुले असतात.

अमेरिकेतील ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षांबाबत हाच प्रश्न उपस्थित झाला होता. पत्रकार जे मॅथ्यूज यांनी १९९८ मध्ये ‘न्यूजवीक’मध्ये मांडलेल्या निर्देशांकात गुणांऐवजी सहभाग मोजला गेला. निवडक मुले बसवून निकाल उंचावण्याच्या प्रवृत्तीवर तो उतारा होता. पण केवळ सहभाग मोजल्यास तयारी नसलेल्या मुलांनाही परीक्षेस बसविण्याचा मोह निर्माण होतो. म्हणून सहभाग व यश यांचा एकत्र विचार अपरिहार्य ठरतो.

व्यवस्थेचा परिणाम

शिक्षण हक्क कायद्यातील स्तररचनेनुसार चौथी व सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी व आठवीला नेण्यात आली आणि २०१७ मध्ये ती प्रथम त्या इयत्तांसाठी झाली. परिणामी, चौथीपर्यंतच वर्ग असलेल्या जिल्हा परिषद शाळांना या परीक्षेत स्थानच उरले नाही. तेथील अध्यापन एका वर्षात ढासळले नव्हते; ते मोजणारे माप तेवढे काढून घेतले गेले. २०२५ मध्ये ही परीक्षा पुन्हा चौथी व सातवीला घेण्याचा निर्णय झाला, यातच या उणिवेची कबुली आहे.

दहावीच्या निकालातही हे दिसते. कोल्हापूर विभागाचा निकाल २०१८ मध्ये ९३.८८ टक्के होता. नवा अभ्यासक्रम आला, भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण बंद झाले आणि २०१९ मध्ये तो ८६.५८ टक्क्यांवर उतरला. ते गुण पुन्हा सुरू झाले, महामारीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द झाली आणि २०२० मध्ये निकाल ९७.६४ टक्क्यांवर गेला. शाळा त्याच, शिक्षकही बहुतांशी तेच. तथापि, तिन्ही वर्षी विभाग राज्यात दुसराच राहिला. म्हणजे निकाल निरर्थक नसतो. एकाच वर्षातील तुलनेत तो काही सांगतो. मात्र टक्केवारीतील चढउतार गुणवत्तेचा चढउतार मानणे चुकीचे आहे.

निष्कर्ष

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंडाची त्यात तरतूद होती. प्रत्येक मूल शाळेत यावे, हे त्या धोरणाचे माप होते. गुणवत्ता यादीच्या कौतुकात हे माप हरवू नये.

यासाठी प्रत्येक शाळेने वर्गाची पटसंख्या, परीक्षेस बसलेले विद्यार्थी आणि पात्र विद्यार्थी असे तीन आकडे एकत्र प्रसिद्ध करणे इष्ट ठरेल. त्यासाठी वेगळा खर्च नाही, नवी परीक्षाही नको. मुले शाळेत येताना कोणती शिदोरी घेऊन आली, हे त्यांतूनही कळणार नाही. परंतु किती मुले मागे ठेवून यश मिळविले, हे निश्चित कळेल.