देवासचा राजा, दैव आणि हिशेब : फॉर्स्टरच्या दोन पुस्तकांचे पुनर्वाचन

धार आणि देवास ही माळव्यातील संस्थाने पवार घराण्याची. या घराण्याविषयी लिहिताना ‘दैव’ हा शब्द लेखकांच्या हाताशी सहज येतो. जॉन माल्कमने 1823 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात एक योगायोग नोंदविला आहे. ज्या कुळाची सत्ता धारमधून शतकांपूर्वी गेली, त्याच कुळातील मानले गेलेले पवार मराठ्यांच्या विजयामुळे तेथे पुन्हा राजे झाले. वाचकाला यात एखादी मोठी योजना दिसू लागते. परंतु हीच धार 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी खालसा केली व 1860 मध्ये अल्पवयीन आनंदराव तिसरे यांना परत दिली. देताना बैरसिया परगणा तोडून भोपाळच्या बेगमेला दिला. योजना होतीच, पण ती इंग्रज सरकारच्या दप्तरातली होती.

देवासच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तेथे लिहिणारा माणूस ई. एम. फॉर्स्टर आहे. तो 1912-13 च्या प्रवासात देवासला आला आणि 1921 मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचा काही महिने खाजगी सचिव होता. त्या काळातील पत्रे व आठवणी त्याने 1953 साली ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने प्रसिद्ध केल्या. त्याची ‘अ पॅसेज टू इंडिया’ (1924) ही कादंबरी इंग्रजीच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकविली गेली. आठवणींचे पुस्तक मात्र क्वचितच कोणी उघडतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचणे आवश्यक आहे.

आठवणींच्या पुस्तकातील तुकोजीराव हा प्रतिभावान, कदाचित संतवृत्तीचा पुरुष आहे, आणि राजेपण त्याच्या वाट्याला लादून आले आहे. हे ‘लादून येणे’च तपासायला हवे. 1888 साली जन्मलेले तुकोजीराव 1899 मध्ये चुलत्याच्या जागी दत्तक म्हणून गादीवर आले. दत्तकविधान हा माणसांनी केलेला व्यवहार असतो आणि त्याला इंग्रज सरकारची मान्यता लागत असे. 1907 पासून माल्कम डार्लिंग त्यांचे शिक्षक-पालक झाले. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी झालेला विवाह मोडकळीस आला, 1927 साली युवराज विक्रमसिंह घर सोडून गेले, कर्ज वाढत गेले, आणि 1933 मध्ये महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले. तेथेच 1937 साली त्यांचे निधन झाले.

फॉर्स्टर या शोकांतिकेचा दोष मुख्यतः इंग्रजांच्या राजकीय खात्याकडे आणि उरलेला नियतीकडे देतो. खात्याचा कोरडेपणा खराच होता. तथापि त्याची 1921 ची पत्रेच वेगळे सांगतात. नवा राजवाडा अर्धवट बांधलेला, बांधून होण्याआधीच त्याची दुर्दशा सुरू झालेली, नवे पियानो वाजविण्याच्या लायकीचे न उरलेले. हे सारे तो मित्रप्रेमाने, हसत हसत लिहितो. पैसा कोणाचा, हे मात्र विचारीत नाही. ज्या रयतेच्या साऱ्यावर हा खर्च चालला ती या पुस्तकात जवळजवळ नाहीच. बारा वर्षांनी जे कोसळले, त्याची नोंद येथे विनोद म्हणून आधीच झाली आहे. मित्राला वाचविण्यासाठी फॉर्स्टरने दैव पुढे केले. त्यात महाराजांचे कर्तृत्व आणि चूक दोन्ही झाकली गेली.

कादंबरीतही हाच पेच आहे, पण तेथे फॉर्स्टर अधिक प्रामाणिक आहे. डॉ. अझीझवर आरोप येतो तेव्हा प्रा. गोडबोले म्हणतात, गुहेत जे घडले ते सर्वांनीच केले. तत्त्वज्ञान म्हणून ते खोल असेल, परंतु कोठडीतल्या माणसाला त्याचा काय उपयोग? अझीझ सुटतो तो आडेलाने भर न्यायालयात आपला आरोप मागे घेतल्यामुळे. तो एका व्यक्तीचा निर्णय आहे आणि त्याची किंमत ती स्वतः मोजते. कादंबरीतील सर्वांत भक्कम प्रकरण हेच.

तिसऱ्या भागात, म्हणजे ‘मंदिर’ भागात, देवासची गोकुळाष्टमी माऊ संस्थानाची होऊन येते. तलावात होड्या एकमेकींवर आदळतात आणि मने जुळतात. अपघात हाच प्रसाद ठरतो. हे वर्णन सुंदर आहे, यात शंका नाही. मात्र शेवटी अझीझ आणि फील्डिंग यांच्या मैत्रीला नकार देतात ते घोडे, जमीन आणि आकाश. राज्यकर्ता आणि जित यांच्यातील राजकीय अडसर निसर्गाच्या तोंडी घातला की तो कोणी उभा केला हे विचारावे लागत नाही.

ही कादंबरी सर सय्यद यांचे नातू सय्यद रॉस मसूद यांना अर्पण केलेली आहे. मसूद 1929 ते 1934 अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू होते, नंतर भोपाळ संस्थानात शिक्षणखात्याचे मंत्री झाले आणि तेथेच, तुकोजीरावांच्याच वर्षी, 1937 मध्ये वारले. फॉर्स्टरच्या दोन्ही मित्रांवर इंग्रजी सत्तेची सावली सारखीच होती. एकाने तीच सावली अंगावर घेऊन विद्यापीठ सांभाळले. मराठीत तकदीर आणि तदबीर हे दोन्ही शब्द एकाच वाटेने आले, हे येथे सहज आठवावे.

आता माऊ संस्थानातील एक तपशील. तेथे शिक्षणमंत्री गोडबोले आहेत. ज्या हायस्कुलाची पाहणी करण्यास फील्डिंग येतो, त्याचे धान्याचे कोठार झालेले आहे, आणि गोडबोले त्याविषयी काही बोलत नाहीत. उत्सवाच्या वर्णनापुढे ही चार ओळींची बाब अभ्यासक ओलांडून जातात.