वारसाचा खेळ आणि खेळाचा वारस

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहिला, की मुले नुसते मावळे मांडून थांबत नाहीत. कोणी किल्लेदार होतो, कोणी शत्रू, आणि गोष्ट सुरू होते. हीच हौस मोठ्यांनी नियमांत बांधून टेबलाभोवती आणली. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि वाद पडला की फासा निवाडा करतो. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला आणि या खेळांचे मोठे गोत झाले. त्यातल्या एका अल्पपरिचित खेळाविषयी, ‘किंग आर्थर पेंड्रागन’विषयी, मला चार शब्द लिहायचे आहेत. मी त्याचा भक्त आहे. तेव्हा वाचकांनी माझी स्तुती थोडी वजा करून घ्यावी. तक्रार मात्र पूर्ण धरावी.

ग्रेग स्टॅफर्ड या अमेरिकन गृहस्थाने १९७५ मध्ये ‘केऑसियम’ ही संस्था काढली आणि १९८५ मध्ये हा खेळ रचला. मॅलरीचा आर्थर राजावरील ग्रंथ १४८५ साली छापला गेला होता. तोच याचा मुख्य आधार. यात खेळणारा प्रत्येक जण ‘नाइट’ असतो, म्हणजे आपल्या शिलेदारासारखा घोडेस्वार वीर.

अशा खेळांत पात्राचे बळ, चापल्य मोजण्याची रीत जुनीच आहे. स्टॅफर्डने स्वभाव मोजला. दयाळू आणि क्रूर, उदार आणि स्वार्थी, शूर आणि भित्रा अशा तेरा जोड्या त्याने केल्या, आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस ठेवली. दया सोळा असेल, तर क्रौर्य चारच उरते. शरण आलेला शत्रू पायाशी पडला आहे आणि खेळाडूच्या मनात त्याचा शिरच्छेद आहे. अशा वेळी सूत्रधार वीस बाजूंचा फासा टाकायला लावतो. सोळा किंवा कमी पडले, की शिलेदाराचे मन द्रवते आणि खेळाडूला हात आवरावा लागतो. माणूस पुष्कळदा आपल्या स्वभावापुढे हतबल असतो, ही गोष्ट एवढ्या सोप्या हिशेबात पकडलेली मी दुसऱ्या कोणत्याही खेळात पाहिली नाही.

दुसरी युक्ती हिवाळ्याची. साधारणपणे एका बैठकीत एक वर्ष सरते आणि शेवटी हिवाळा येतो. त्या हिवाळ्यात जमिनीचे उत्पन्न पाहायचे, लग्ने जुळवायची, मूल जगले की नाही आणि घोडा तगला की नाही हे फाशाला विचारायचे. पस्तिशीनंतर शरीर झिजू लागते. शिलेदार मेला, की त्याचा मुलगा पुढे येतो, आणि बापाच्या कीर्तीचा फक्त दहावा हिस्सा त्याच्या पदरी पडतो. २००६ साली निघालेल्या ‘द ग्रेट पेंड्रागन कँपेन’ या जाड ग्रंथात इसवी सन ४८५ पासून ऐंशी वर्षांची कथा आहे. ती पुरती खेळायची, तर नातवापर्यंत पोचावे लागते.

आता चिंतेची बाब. हा खेळ मध्यंतरी तीन परक्या प्रकाशकांच्या दारी राहून मूळ घरी परतला. स्टॅफर्ड २०१८ मध्ये वारला. त्याने आरंभलेली सहावी आवृत्ती इतरांनी पुरी केली आणि तिचा मुख्य ग्रंथ २०२४ मध्ये बाहेर आला. पूर्वी स्त्रिया या खेळात बहुधा हिवाळ्यातल्या सोयरिकीपुरत्या येत. नव्या आवृत्तीने त्यांनाही उघडपणे घोड्यावर बसवले, हे योग्यच झाले. २०२३ मध्ये नवशिक्यांसाठी छोटा संच काढला, हेही शहाणपणाचे.

तथापि मुख्य दोष शिल्लक आहे. ऐंशी बैठकांना आज कोणाला सवड आहे? दर आठवड्याला चार प्रौढ माणसे एकत्र आणणे हे स्वयंवर जिंकण्याइतकेच कठीण झाले आहे. शिवाय आर्थरचा शेवट सर्वांना ठाऊक; खेळाडूंचे शिलेदार त्याच्या छायेतच वावरायचे. त्यामुळे पुढेमागे कोणी सोयीसाठी हिवाळाच गाळील आणि वीर न मरता नुसता बलवान होत राहील, ही माझी भीती आहे. तसले खेळ बाजारात पुष्कळ आहेत. त्यांत आणखी एकाची भर कशाला? कथा आखूड करावी, लढाया कमी कराव्यात, पण दहा-बारा बैठकांतही आजोबा, बाप आणि नातू दिसतील अशी आखणी करावी. मला वाटते, या खेळाचे भवितव्य यावरच अवलंबून आहे.

स्टॅफर्डच्या नावाने नव्या आवृत्तीला पहिले गिऱ्हाईक मिळेल. दुसरे मिळवण्यासाठी तिला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागेल. खेळाचा नियमही हेच सांगतो. बापाच्या कीर्तीचा दहावा हिस्सा वारसाला मिळतो. उरलेले नऊ हिस्से ज्याचे त्याने कमवायचे असतात.