कंपवातावरील शस्त्र आणि औषध : एका तौलनिक प्रयोगाचे परीक्षण

औषधाचा गुण ओसरू लागला म्हणजे शस्त्राकडे वळावयाचे, असा कंपवाताच्या चिकित्सेतील क्रम दीर्घकाळ रूढ होता. हा क्रम बदलण्यास पुरेसे प्रमाण मिळाले आहे, असा दावा करणारा प्रबंध श्युपबाख व त्यांचे सहकारी यांनी 2013 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये प्रसिद्ध केला. वैद्यकात ‘अर्लीस्टिम’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग अनेक दृष्टींनी आदर्शवत आहे. म्हणूनच त्याचे निष्कर्ष कोठवर ग्राह्य मानावयाचे याचा विचार काटेकोरपणे व्हावयास हवा.

या प्रश्नाची पूर्वपीठिका थोडक्यात अशी आहे. डोपामिन या द्रव्याचे मेंदूतील महत्त्व 1957 च्या सुमारास कार्लसन यांच्या प्रयोगांतून प्रकट झाले. कंपवाताच्या रोग्यांत त्याची उणीव असते, हे 1960 मध्ये व्हिएन्ना येथे हॉर्निकीविच व एरिंगर यांनी दाखविले, आणि 1967 मध्ये कोट्झियास यांनी डोपाच्या मोठ्या मात्रा देऊन रोग्यांच्या जखडलेल्या हालचाली मोकळ्या केल्या. परंतु काही वर्षांच्या उपचारानंतर या वरदानास ग्रहण लागते. मात्रेचा परिणाम लवकर संपतो. औषध अंगात असताना अनैच्छिक हालचाली सुरू होतात. दिवसाचे ‘चालू’ आणि ‘बंद’ असे तुकडे पडतात. 1987 मध्ये ग्रेनोबल येथे बेनाबिद व त्यांच्या सहकाऱ्यांनी थॅलॅमसमध्ये विद्युदग्र बसवून शीघ्र गतीच्या विद्युत्स्पंदांनी कंप थोपविला. पुढे 1990 मध्ये डीलाँग यांच्या गटाने माकडांवरील प्रयोगांतून थॅलॅमसखालील एका लहानशा केंद्रावर लक्ष वेधले, व त्या दशकात तेच केंद्र उद्दीपनाचे मुख्य लक्ष्य झाले.

ही चिकित्सा औषधापेक्षा सरस आहे काय, हे तीन मोठ्या प्रयोगांनी पाहिले होते. 2006 मध्ये डॉयश्ल यांचा 156 रोग्यांवरील, 2009 मध्ये वीव्हर यांचा 255 रोग्यांवरील, आणि 2010 मध्ये ब्रिटनमधील 366 रोग्यांवरील असे हे तीन प्रयोग होत. तिन्हींचा कौल उद्दीपनाच्या बाजूने पडला. परंतु त्यांतील रोगी बहुधा बऱ्याच पुढच्या अवस्थेतले होते. ‘अर्लीस्टिम’ चे वेगळेपण येथेच आहे. जर्मनी व फ्रान्समधील 251 रोग्यांची त्यात यदृच्छया वाटणी करण्यात आली. 124 जणांस उद्दीपन व औषध, तर 127 जणांस केवळ उत्तम औषधोपचार मिळाला. सरासरी वय 52 वर्षे व रोगाचा सरासरी काळ साडेसात वर्षे होता. दोन वर्षांनंतर 39 प्रश्नांच्या जीवनमानपत्रिकेत उद्दीपनगटाची स्थिती 7.8 अंकांनी सुधारली, तर औषधगटाची 0.2 अंकाने खालावली.

संख्या निःसंदिग्ध आहेत; त्यांचा अर्थ मात्र तितका निःसंदिग्ध नाही. ज्या पत्रिकेवर मुख्य निष्कर्ष उभा आहे ती रोग्याने स्वतःच भरावयाची असते, आणि आपल्या डोक्यात विद्युदग्र आहे की नाही हे प्रत्येक रोग्यास ठाऊक होते. ही अडचण अन्य रोगांपेक्षा कंपवातात अधिक बिकट आहे. 2001 साली व्हँकूव्हर येथील संशोधकांनी असे दाखविले की, निष्प्रभाव द्रव्य दिले असताही केवळ अपेक्षेमुळे रोग्याच्या मेंदूत डोपामिन पाझरते. म्हणजे ज्या द्रव्याच्या अभावी रोग होतो त्याच द्रव्याच्या वाटेने आशा काम करते. फ्रीड यांच्या गटाने पेशीरोपणाचा जो प्रयोग 40 रोग्यांवर केला, त्यात काही जणांच्या कवटीस केवळ छिद्रे पाडून प्रत्यक्ष रोपण केले नव्हते. 2004 मध्ये त्याचा पुढील अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा असे दिसले की, रोग्याचे जीवनमान खऱ्या रोपणापेक्षा ‘आपणांस रोपण मिळाले’ या समजुतीशी अधिक निगडित होते. 2012 मधील ओकुन यांच्या प्रयोगात सर्वांनाच यंत्र बसविले होते. परंतु ज्यांचा प्रवाह तीन महिने बंद ठेवला होता त्यांचाही ‘चालू’ काळ दिवसाकाठी सुमारे पावणेदोन तासांनी वाढला. प्रवाह सुरू असणाऱ्यांची वाढ सव्वाचार तासांहून थोडी अधिक होती. या दोन आकड्यांमधील अंतर हे प्रवाहाचे श्रेय. उरलेला भाग शस्त्रक्रियेच्या आघाताचा, काळाचा व अपेक्षेचा आहे.

आशेला एक दुसरी बाजूही असते. नव्या उपचाराची आस धरून आलेल्या व चिठ्ठीत औषध वाट्यास आलेल्या रोग्याची निराशाही त्याच पत्रिकेत उतरत असली पाहिजे. इतक्या काळजीपूर्वक दिलेल्या औषधोपचाराने औषधगटाचे गुण यत्किंचितही वाढू नयेत, ही गोष्ट या शंकेस पुष्टी देते.

तथापि या आक्षेपाने सारा प्रयोगच निकालात निघतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. रोग्यांच्या हालचालींच्या चित्रफिती कोणता रोगी कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी पाहिल्या, आणि त्या परीक्षेतही उद्दीपनाचा लाभ दिसून आला. औषधांची एकूण मात्रा उद्दीपनगटात 39 टक्क्यांनी घटली व औषधगटात 21 टक्क्यांनी वाढली. शिवाय अपेक्षेचा प्रभाव दोन वर्षे अबाधित टिकतो असे मानणेही कठीण आहे. तेव्हा उद्दीपन खरोखर काम करते यात संशय नाही. संशय आहे तो 7.8 या अंकाचा किती भाग त्याच्या पदरी टाकावयाचा यासंबंधी.

दुसरा मुद्दा हानीचा. गंभीर दुष्परिणाम उद्दीपनगटात 54.8 टक्के, तर औषधगटात 44.1 टक्के रोग्यांत आढळले. शस्त्रक्रिया वा यंत्र यांच्याशी निगडित असे गंभीर दुष्परिणाम 17.7 टक्के रोग्यांना भोगावे लागले. आत्महत्या पहिल्या गटात दोन व दुसऱ्यात एक झाली. इतक्या अल्प संख्येवरून अनुमान काढणे उचित नव्हे. पण पन्नाशीतल्या, पुढे कित्येक वर्षे औषधावर निभावू शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत या जोखमीचे वजन वेगळे पडते. अखेरच्या अवस्थेतील रोग्यास फारसे गमावण्यासारखे उरलेले नसते. याला ते उरलेले असते.

तिसरा मुद्दा शब्दाचा आहे. प्रयोगाच्या नावातील ‘अर्ली’ या शब्दाने रोगाचा आरंभ सूचित होतो. प्रत्यक्षात आरंभ होता तो चलनविषयक गुंतागुंतीचा. रोग निदान चार वर्षांचा असावा अशी अटच होती. वय साठीच्या आत असावे, गुंतागुंत तीन वर्षांहून जुनी नसावी, व डोपाने हालचालींत निदान पन्नास टक्के सुधारणा होत असावी, अशाही अटी होत्या. या चाळणीतून जे उतरले त्यांच्यापुरताच निष्कर्ष खरा. 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या चिकित्सेची कक्षा वाढविली, तेव्हाही चार वर्षांची व अलीकडच्या गुंतागुंतीची अट कायम ठेवली, हे योग्यच झाले. नावाचा आवाका मात्र अटींहून मोठा आहे, आणि व्यवहारात अटींपेक्षा नावच अधिक लक्षात राहते.

सारांश, ‘अर्लीस्टिम’ ने एका व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर दिले आहे : निवडक रोग्यांपुढे हे दोन मार्ग उघडपणे ठेवले असता कोणत्या मार्गाने गेलेले दोन वर्षांनी अधिक समाधानी असतात? हे उत्तर मोलाचे आहे. परंतु त्या समाधानात विजेचा वाटा किती व विश्वासाचा किती, या शास्त्रीय प्रश्नाचे उत्तर त्यात नाही, आणि प्रयोगाच्या रचनेमुळे ते असणे शक्यही नव्हते. विश्वासाने मिळालेला गुणही रोग्यास गुणच वाटतो, हे खरे; पण विश्वास निर्माण करण्यास कवटीला छिद्र पाडावे लागत नाही. रोग्याची संमती मागणाऱ्या वैद्याने हे दोन प्रश्न त्याच्यापुढे वेगळे करून मांडले पाहिजेत.