दिसणारा पाठ आणि उचलता येणारा पाठ : लॅटेकमधील आज्ञावलींच्या मांडणीची चिकित्सा

प्रास्ताविक :
डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली सिद्ध केली ती सुंदर छापील पानासाठी. १९८४ मध्ये त्यांनीच ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ची संकल्पना मांडून आज्ञावली ही माणसाने वाचावयाची कृती आहे, असा आग्रह धरला. तथापि, आज्ञावलीचे वाचन ती चालवून पाहिल्यावरच पूर्ण होते. पीडीएफमधून ती उचलून घेता येते काय, हा प्रश्न म्हणूनच पाठचिकित्सेचा ठरतो.

विवेचन :
लॅटेकमध्ये आज्ञावली छापण्यासाठी ‘लिस्टिंग्ज’ हे पॅकेज रूढ आहे. त्याची मांडणी डोळ्यांना निर्दोष वाटते. परंतु टेक रिकाम्या जागेचे अक्षर पानावर ठेवतच नाही, ते केवळ पुढील अक्षर सरकवते. त्यामुळे उचललेल्या मजकुरातून ओळींच्या आरंभीची जागा गळू शकते. पायथन भाषेत ही जागा म्हणजे व्याकरणच होय. सरळ अवतरणचिन्ह वक्र होते व पायथन ते नाकारते. ओळींचे क्रमांकही मजकुरात मिसळतात. युनिकोडपूर्व फाँटमधील मराठी पीडीएफमधून परिच्छेद उचलताना रोमन चिन्हांचा जो गोंधळ हाती येतो, त्याचेच हे भावंड. फरक इतकाच की तेथे दोष त्वरित दिसतो, येथे तो लपून राहतो.

‘कॉलम्स’साठी ‘फुलफ्लेक्सिबल’ हा पर्याय निवडल्यास शब्दांत शिरणारी अनाहूत जागा टळते, ‘अपकोट’मुळे अवतरणचिन्हे सरळ राहतात. ‘अ‍ॅक्ससप’ पॅकेजने क्रमांकांना रिक्त पर्यायी मजकूर देता येतो. मात्र तो मानणे न मानणे पीडीएफ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. ओळींच्या आरंभीच्या जागेची हमी यांपैकी कोणताही उपाय देत नाही. मूळ फाइल पीडीएफलाच जोडणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय.

निष्कर्ष :
सदोष पाठ चालला नाही की विद्यार्थी दोष देतो तो स्वतःच्या आकलनाला. शुद्धलेखनाची मुद्रिते आपण काटेकोरपणे तपासतो. प्रबंध व अभ्यासपुस्तिकांतील आज्ञावली मात्र केवळ पाहून संमत करतो. अंतिम पीडीएफमधून ती उचलून, चालवून पाहणे हाही मुद्रितशोधनाचाच अविभाज्य भाग मानला गेला पाहिजे.