प्लेगच्या साथींतील ज्ञातिरुग्णालयें व गॅटेकरचा अहवाल

इ. स. १८९६-९७ च्या मुंबईंतील ग्रंथिक ज्वराच्या साथीविषयीं लिहितांना अभ्यासक बहुधा प्लेग कमिटीचे अध्यक्ष ब्रिगेडिअर-जनरल गॅटेकर यांच्या १८९७ च्या अहवालावर विसंबतात. ग्रंथ मोलाचा आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्ञातिवार रुग्णालयांविषयीं तोच एक पुरावा मानणें आम्हांस मान्य नाहीं.

ऑक्टोबर १८९६ मध्यें गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. सरकारी इस्पितळाची ही धास्ती ध्यानांत घेतल्यावांचून पारशी, जैन आदि समाजांनीं स्वतःचीं रुग्णालयें कां उघडलीं, अथवा पुण्यास १८९७ त लोकमान्य टिळकांनीं हिंदु प्लेग हॉस्पिटल कां काढलें, याचा उलगडा होत नाहीं. अहवालकर्ता शासकाच्या दृष्टीनें पाहतो. द्रव्य कोणीं दिलें, परज्ञातीच्या रुग्णास जागा मिळे कीं नाहीं, स्वयंपाकी कोणाचा, साथ ओसरल्यावर शिल्लक निधीचें काय झालें, हे प्रश्न देणगीदारांचे व पंचांचे आहेत. त्यांचीं उत्तरें वर्गणीच्या याद्या, कीर्दी, खतावण्या व पंचांचीं ठरावबुकें यांतच शोधलीं पाहिजेत.

अशीं कागदपत्रें 'अर्वाचीन' म्हणून उपेक्षिलीं जातात. मोडी महजर जपावा आणि धर्मादायाची खतावणी रद्दींत घालावी, हा विवेक नव्हे. छापील अहवालाच्या प्रती अनेक ग्रंथालयांत आहेत; खतावणी एकच असते. ज्यांच्यापाशीं असें दप्तर असेल, त्यांनीं निदान त्याची यादी करून ती अभ्यासकांस उपलब्ध करावी, अशी आमची विनंती आहे.